धुळ्याचा जुना तुरुंग, १९३२ सालचे रविवार आणि घरातली एक वही

प्रश्न : बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आमचे मूळ गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी आहे. माझे आजोबा १९३२ सालच्या सविनय कायदेभंगात पकडले गेले आणि धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सक्तमजुरी भोगली, एवढे आम्हा नातवंडांना लहानपणापासून ठाऊक होते. एखाद्या आप्ताच्या घराचे नाव निघावे तितक्या सहजपणे आमच्याकडे त्या तुरुंगाचे नाव निघत असे. आजोबा अहिराणीत धुळ्याला 'धुये' म्हणत. 'मी धुयाले व्हतू तवय' अशी त्यांनी सुरुवात केली, की पुढची गोष्ट हमखास तुरुंगातलीच असणार हे आम्ही मुले ओळखून असायचो. भाकरीचे पीठ जाडेभरडे लागले तर आजीला ते कधी बोलले नाहीत. चिमूटभर पीठ मात्र अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहत आणि जात्यावर एवढे जाड पीठ आम्ही काढले असते तर वॉर्डरने पुन्हा दळायला बसवले असते, असे शांतपणे सांगत.

गेल्या दिवाळीत जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. एक म्हणजे स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी त्यांनी मिळवलेला तुरुंगवासाचा दाखला. त्यावरचा जांभळा शिक्का पसरला आहे, तरी अक्षरे वाचता येतात. २७ फेब्रुवारी १९३२ रोजी शिक्षा, ३ मार्च १९३२ रोजी धुळे तुरुंगात दाखल आणि २४ ऑगस्ट १९३२ रोजी सुटका, अशा नोंदी त्यात आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने शिवलेली, बदामी कागदाची एक वही. सुटून आल्यावर त्यांनी ती टाकाने लिहिली, असे वडील सांगत. विनोबांनी तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली, त्यांतले जेवढे लक्षात राहिले तेवढे त्यांनी आपल्या शब्दांत तिच्यात उतरवले आहे. ती वही तिसऱ्या अध्यायापासून सुरू होते. पहिल्या दोन अध्यायांची पाने फाटून गेली असावीत असे घरात सगळे धरून चालले आहेत आणि इतकी मोलाची पाने आपल्या हलगर्जीपणामुळे गेली, याची मला फार रुखरुख लागली आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि आजोबांविषयी घरच्या मुलांसाठी पंधरा-वीस पानांचे टिपण लिहिते आहे. ते लिहिताना त्या इमारतीविषयी ऐकीव गोष्टींचा गुंता होऊन बसला आहे. एक काका सांगतात की तो तुरुंग पेशवाईतल्या गढीत आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की धुळे शहर आणि तिथल्या सगळ्या सरकारी इमारती सर विश्वेश्वरय्यांनी आखल्या आणि त्यांतच हा तुरुंगही आला. माझ्या एका मैत्रिणीने तर ठामपणे सांगितले की 'श्यामची आई' साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगातच लिहिली. शिवाय मला स्वतःला एक शंका आहे. त्या काळी अमळनेर पूर्व खानदेशात होते आणि त्याचे मुख्य ठिकाण जळगाव होते. मग आजोबांना पश्चिम खानदेशातल्या धुळ्याला का नेले असावे?

एका कार्यालयात मी चौकशीसाठी गेले होते. तिथे 'एवढे जुने काही शिल्लक नसते' असे सांगून मला दारातूनच परत पाठवण्यात आले. मुलांच्या हाती जाईल ते खरे असावे, म्हणून इथे विचारते आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर : देवपूरचा रहिवासी

ताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी देवपुरातला, म्हणजे पांझरेच्या पलीकडचा. शाळेत असताना मोठ्या पुलावरून जुन्या गावात रोज जाणे-येणे असे, त्यामुळे या शहराच्या जडणघडणीविषयी थोडे वाचन झाले आहे. आपल्या काकांच्या दोन्ही समजुतींचे उत्तर धुळे हे मुख्य ठिकाण कसे झाले या एकाच गोष्टीत मिळते.

१८०३ सालचा दुष्काळ आणि होळकरी फौजांची लुटालूट यांमुळे धुळे पार ओस पडले होते. पुढल्या वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी गाव पुन्हा वसवले. लळिंग आणि सोनगीर या भागांचा कारभार त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी धुळ्यातच ठाणे केले आणि १८१८ पर्यंत त्यांचा अंमल चालला. त्या वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे इथले पहिले पोलिटिकल एजंट. त्यांनी नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळ्याची निवड केली, कारण गाव प्रदेशाच्या मध्यावर होते आणि मुंबई-आग्रा वाटेवर होते. १८१९ च्या जानेवारीत त्यांनी महसूल आणि न्याय या दोन्ही कामांसाठी सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली, लांबून लांबून कारागीर आणवले आणि नवी पेठ उभी राहावी म्हणून व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर घरे बांधायला तगाईसारखी उचलही दिली. त्या वेळचे धुळे केवढे होते? ४०१ घरे आणि २,५०९ माणसे. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला शेतीच्या पाण्याचा पाट आणि मध्ये बागायतीत दडलेले गाव, असे ब्रिग्ज यांनी त्याचे वर्णन केले आहे.

मला या वर्णनातला पाट विशेष महत्त्वाचा वाटतो. पांझरेवरचे बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि त्यांवर चालणारी फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचे पाणी वाटून घेण्याची रीत, इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. म्हणजे पाण्याची शिस्त इथल्या शेतकऱ्यांनी आधीच बसवलेली होती आणि नवे शहर त्या पाटाला धरून वाढले.

आता तुरुंगाकडे येतो. पेशवाईत अशा कामासाठी किल्ले वापरले जात. जोखमीचा कैदी डोंगरी किल्ल्यावर पाठवायचा, अशी पद्धत होती. कचेरी, न्यायालय, खजिना आणि तुरुंग ही चारही खाती जिल्ह्याच्या एका गावी शेजारी शेजारी ठेवण्याची रीत कंपनी सरकारच्या राज्यकारभाराबरोबर आली. न्यायाधीश शिक्षा देणार, तर शिक्षा भोगण्याची जागा हाकेच्या अंतरावर हवी. वसुलीचा पैसा ठेवायचा, तर पहारा हवा. धुळ्याचा तुरुंग या घडीचा भाग आहे, म्हणून त्याला पेशवाईतली गढी म्हणणे योग्य होणार नाही. ही घडी पुढे सव्वाशे वर्षे टिकली. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी जो सरकारी खजिना लुटला, तोही धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला होता.

विश्वेश्वरय्यांविषयी धुळेकरांना जिव्हाळा वाटतो तो अगदी साधार आहे. मात्र तारखा पाहिल्या की गैरसमज दूर होतो. त्यांचा जन्म १८६१ चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून लागले आणि उमेदवारीच्या त्या दिवसांत खानदेशात आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेवरील सायफनचे, म्हणजे पाटाचे पाणी नळातून नदीपार नेण्याचे काम ही त्यांची सुरुवातीची कामगिरी होती. ते काम पावसाळ्यात, नदीच्या पुराशी झगडत पार पाडावे लागले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. तेवीस वर्षांच्या त्या तरुण अभियंत्याचे मोल सांगायला दातर्ती पुरेशी आहे. ब्रिग्ज यांनी पेठ वसवली ती त्यांच्या जन्माच्याही चाळीस वर्षे आधी, म्हणून शहराच्या आखणीचे श्रेय त्यांना देणे बरोबर नाही. आपण टिपणात ही दोन वर्षे शेजारी शेजारी लिहिलीत, की मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

राहता राहिली इमारतीची ओळख. धुळ्यात आजही त्या रस्त्याला जेल रोड म्हणतात. क्युमाइन क्लबही त्याच रस्त्यावर आहे. एसटीचे कर्मचारी असोत, अंगणवाडी सेविका असोत की कापसाच्या भावासाठी आलेले शेतकरी, जिल्ह्यातल्या कुणालाही धरणे धरायचे असले की मांडव त्याच परिसरात पडतो. आपल्या आजोबांना ज्या रस्त्याने आत नेले, तिथे आज माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन उघडपणे बसतात. मी तिथून जातो तेव्हा दर वेळी हे माझ्या मनात येते.


उत्तर : तापीपल्याड

वरचे उत्तर उत्तम आहे. मी फक्त १९३२ सालाविषयी लिहितो, कारण ताईंच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे आणि त्यांना लागलेली रुखरुख बहुधा अनाठायी आहे.

त्या वर्षी ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली, काँग्रेस बेकायदा ठरली आणि देशभर धरपकड सुरू झाली. खानदेशातले तुरुंग सत्याग्रहींनी भरून गेले. धुळ्याच्या तुरुंगात तेव्हा विनोबा होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी १९३० साली सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. सोबतच्या कैद्यांनी गीता समजावून सांगण्याचा आग्रह धरला आणि विनोबांनी दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ रोजी झाले आणि अठरावे १९ जून १९३२ रोजी. अठरा अध्याय, अठरा रविवार, मध्ये एकही खंड नाही. विनोबांनी पुढ्यात लिहिलेले काही ठेवले नव्हते. साने गुरुजी समोर बसून ते बोलत असतानाच भराभर लिहून घेत आणि त्या लिखाणातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. भारतातल्या बहुतेक भाषांत तो गेला आहे. धुळ्याच्या त्या दगडी भिंतींच्या आत, दिवसभर सक्तमजुरी करणाऱ्या माणसांसमोर तो बोलला गेला, हे मला त्या ग्रंथाइतकेच मोठे वाटते. समोर बसलेल्यांत शिकलेले थोडे आणि शेतकरी, विणकर, दुकानदार बरेच. म्हणून त्यातले दाखले घरातले आणि शेतातले आहेत आणि वाक्ये लहान आहेत.

आता ताई, आपण स्वतः दिलेल्या तारखा पुन्हा पाहाव्यात. आजोबा तुरुंगात दाखल झाले ३ मार्च १९३२ रोजी. तो गुरुवार होता. पहिला अध्याय २१ फेब्रुवारीला आणि दुसरा २८ फेब्रुवारीला होऊन गेला होता. म्हणजे पहिल्या रविवारी तर आजोबांना शिक्षासुद्धा झाली नव्हती आणि दुसऱ्या रविवारी ते शिक्षा होऊन धुळ्याच्या वाटेवर किंवा दुसऱ्या कोठडीत असणार. त्यांना मिळालेला पहिला रविवार ६ मार्चचा आणि त्या दिवशीचा अध्याय होता तिसरा, कर्मयोगाचा. आपली वही तिसऱ्या अध्यायापासूनच सुरू होते.

माझे मन सांगते की आपल्या घरात एकही पान फाटलेले नाही. आजोबांनी जे कानांनी ऐकले तेवढेच लिहिले आणि जे ऐकले नाही ते छापील पुस्तक हाताशी आल्यावरसुद्धा वहीत घुसडले नाही. आपण कृपया वहीची शिवण पाहावी. पाने गेली असतील तर दोऱ्याजवळ कागदाचे तुकडे अडकलेले दिसतील आणि ज्या पानाचा एक अर्धा भाग गेला, त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच जुडीत पुढे सुटा झालेला असेल. पानांवर अंक घातले असतील तर पहिला अंक कोणता आहे तेही पाहावे.

आपल्या मैत्रिणीच्या म्हणण्याविषयी सांगायचे तर 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली गेली. गुरुजी धुळ्यात होते, नाशिकला होते आणि १९३० च्या शिक्षेत त्यांना धुळ्याहून पार त्रिचनापल्लीला हलवण्यात आले होते, त्यामुळे लोकांच्या आठवणीत ठिकाणांची सरमिसळ होते. त्यात लबाडी कुणाचीच नसते, पण लिहिताना वेगळे करून लिहावे. धुळ्याच्या वाट्याला गीता आली आणि नाशिकच्या वाट्याला श्याम.

अमळनेरचा माणूस धुळ्याला का नेला, याचे उत्तरही गुरुजींच्या त्रिचनापल्लीच्या प्रवासात सापडते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव हे पूर्वेचे मुख्य ठिकाण झाले. तुरुंगखाते मात्र सबंध इलाख्याचे होते. कुठल्या तुरुंगात जागा आहे आणि कोणत्या कैद्याला कोणापासून लांब ठेवायचे आहे, हे पाहून माणसे पाठवली जात. धुळे हे जुन्या अखंड खानदेशाचे मुख्य ठिकाण असल्यामुळे मोठा तुरुंग तिथेच होता आणि चाळीसगाव-धुळे रेल्वे १९०० सालापासून चालू होती, म्हणजे पूर्व खानदेशातून कैदी नेणेही सोपे होते.


बोरीकाठ

आपल्या दोघांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. काल रात्री 'तापीपल्याड' यांचे उत्तर वाचले आणि लगेच वही काढून बसले. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून मोबाइलची बॅटरी लावून सुनेने आणि मी मिळून एकेक जुडी पाहिली.

शिवण पांढऱ्या सुती दोऱ्याची आहे, गोधडीला घालतात तशा मोठ्या टाक्यांची, आणि ती शाबूत आहे. दोऱ्याजवळ कागदाचा एकही तुकडा अडकलेला नाही. पहिले पान एका बाजूने कोरे आहे. दुसऱ्या बाजूला मधोमध 'श्री' आहे, त्याखाली 'अध्याय तिसरा' आणि उजव्या कोपऱ्यात अगदी लहान अक्षरांत १ हा अंक आहे. तो अंक आजवर आमच्यापैकी कुणाच्याही नजरेस पडला नव्हता. पाने फाटली असे ज्यांनी पहिल्यांदा म्हटले त्यांनी वही उघडून पाहिली होती की नाही, कोण जाणे. आम्ही पुढचे सगळे मात्र ते ऐकून तेच बोलत आलो.

वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आत्ता आठवली. गावात गीता सप्ताह असला की आजोबा पहिले दोन दिवस मागे, खांबाला टेकून, नुसते ऐकत बसत आणि तिसऱ्या अध्यायापासून पुढे सरकून बोलायला लागत. आम्हाला तो त्यांचा संकोच वाटे. आता त्याचा अर्थ लागतो आहे.

एक कोडे मात्र निघाले. बाकीचे अध्याय तीन-तीन, चार-चार पानांचे आहेत, अकरावा अध्याय केवळ चार ओळींचा आहे आणि त्याखालचे पान कोरे सोडले आहे. विश्वरूपदर्शनासारखा अध्याय त्यांनी असा का सोडला असेल? आणि त्या इमारतीचे, तिथल्या नोंदींचे अधिक काही पाहायचे असेल तर कुठे जावे, हेही कुणी सांगावे. दारातून परत पाठवले गेल्यामुळे पुन्हा जायचा धीर होत नाही.


उत्तर : जुना दप्तरदार

मी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात तीस वर्षे काम केले आहे. तुरुंगखात्याचा माझा थेट संबंध नव्हता, परंतु सरकारी दप्तर कसे चालते हे सांगू शकतो.

'एवढे जुने काही शिल्लक नसते' हे उत्तर ऐकून मला मनापासून वाईट वाटले. दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचे कागद कायमचे ठेवायचे असतात, ब वर्गाचे तीस वर्षे, आणि पुढचे त्याहून कमी मुदतीचे. मुदत संपली की रीतसर यादी करून ते नष्ट करतात. म्हणून कुणी विचारले तर कागद कोणत्या वर्गातला होता आणि नष्टीकरणाच्या यादीत त्याची नोंद आहे का, हे पाहून उत्तर द्यायचे असते. रुमालात बांधलेले, वाळवी लागलेले, शाई उडालेले कागद मी हाताळले आहेत. शंभर वर्षांचे गठ्ठेही नीट सुटतात, फक्त सोडवणाऱ्याला सवड हवी.

ताई, आपल्याकडचा दाखला हाच मोठा पुरावा आहे. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हा तुरुंगवासाचे प्रमाण म्हणून तुरुंगाच्या नोंदीवरून असे दाखले दिले गेले. ज्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत त्यांना सहकैद्यांची प्रमाणपत्रे जोडावी लागली. आपल्या दाखल्यावर दाखल होण्याची आणि सुटकेची नेमकी तारीख आहे, याचा अर्थ तो देणाऱ्याने मूळ नोंदवही उघडून पाहिली होती. दाखल्यावर जावक क्रमांक असेल, कैदी क्रमांकही असण्याची शक्यता आहे. ते दोन्ही आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावेत आणि यापुढे चौकशी तोंडी न करता त्या आकड्यांसह लेखी अर्जाने करावी. अर्जाला आवक क्रमांक पडला की उत्तर द्यावेच लागते. अर्ज कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे द्यावा. तो तुरुंग आजही चालू आहे, त्यामुळे आत जाऊन पाहायचे असेल तर परवानगीसुद्धा त्यांच्याकडेच मागावी लागेल. परवानगीच्या अर्जात वही आणि दाखला यांचा उल्लेख जरूर करावा. आपली माणसे इथे होती हे कागदानिशी सांगणाऱ्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी जागा मुंबईची. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुंबईतले दप्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. इलाख्याच्या गृह (विशेष) खात्याच्या फायली तिथे आहेत आणि सत्याग्रहाच्या काळातली धरपकड, कैद्यांची हलवाहलव हे विषय त्या खात्याचेच. इमारतीसाठी मात्र बांधकाम खात्याचे कागद पाहावेत. त्यांत भिंत केव्हा वाढवली, छपराची कौले केव्हा बदलली, नवी बराक केव्हा जोडली, अशा नोंदी कामागणिक असतात. नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची मिळकत पत्रिका आणि नकाशा मागितला तर हद्द कळते. एकच वर्ष सांगून असल्या इमारतीचा इतिहास पुरा होत नाही. तो भिंतीभिंतीने वाढत गेलेला असतो. आपल्या टिपणासाठी सबंध इमारतीपेक्षा १९३२ साली तिचा कोणता भाग उभा होता हे कळणे अधिक उपयोगाचे होईल.

अकराव्या अध्यायाविषयी एक सुचवतो. दर रविवारी एक या हिशेबाने तो १ मे १९३२ रोजी झाला. मे महिन्यातले धुळे आपल्याला ठाऊकच आहे, दगड तापतो तो रात्रीसुद्धा निवत नाही. आजोबा त्या रविवारी आजारी असण्याची शक्यता मला दिसते. तुरुंगाच्या दवाखान्याची नोंदवही वेगळी असे. अर्जात दाखल आणि सुटका या तारखांबरोबर १ मे १९३२ च्या आसपासची दवाखान्याची नोंद पाहावी, असे एक वाक्य घालावे. नोंदवही उरली असेल तर नाव सापडेल.


बोरीकाठ

दप्तरदार दादा, अर्ज आजच लिहायला घेतला आहे. दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आहे आणि मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेला एक चार आकडी अंक आहे. तो कैदी क्रमांक असेल तर बरे होईल. दोन्ही उतरवून घेतले.

अकराव्या अध्यायाच्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. पहिल्या तीन ओळी अध्यायाविषयीच आहेत. चौथी ओळ मी आजवर त्याच ओघात वाचत आले होते. ती अशी आहे : 'हे जळोदकडील भाऊंनी नंतर सांगितले त्यावरून.' म्हणजे त्या रविवारी ते ऐकायला नव्हतेच, आणि दुसऱ्याकडून ऐकलेले त्यांनी तीन ओळींतच थांबवले. जळोदकडचे हे भाऊ कोण, हे आमच्या घरात आता कुणालाच सांगता येत नाही. तापीकाठच्या त्या गावात माझ्या माहेरची सोयरीक आहे. येत्या रविवारी वही घेऊन तिकडे जाते आहे.